मनातल्या मनात बोलणारी बाई

सीलिया जॉन्सन या इंग्लिश अभिनेत्रीविषयी कुठेही वाचायला घ्या, एक वाक्य थोड्याफार फरकाने भेटतंच. एवढी गुणी नटी, पण घरसंसारापायी तिने करिअर मागे ठेवलं, नाहीतर कुठल्या कुठे गेली असती! हे वाक्य वाचताना लिहिणाऱ्याने सोडलेला सुस्कारासुद्धा ऐकू येतो. आपल्या घरातल्या, शेजारच्या कितीतरी जणींबद्दल हेच वाक्य आपण ऐकत आलो आहोत. गाणं शिकलेली होती, पण लग्न झालं. बी.ए.ला पहिली आली होती, पण मुलं झाली. 'पण'च्या आधीचं सगळं मौल्यवान आणि नंतरचं सगळं भाकरी थापण्यात गेलं, असा त्या वाक्याचा हिशेब असतो.

सीलिया जॉन्सनच्या बाबतीत हा हिशेब चुकतो असं मला वाटतं, आणि तो कुठे चुकतो ते तिच्या कामातूनच दाखवता येतं. म्हणून हा लेख.

आधी थोडी माहिती. सीलियाचा जन्म 18 डिसेंबर 1908चा, लंडनला लागून असलेल्या रिचमंडमधला. वडील डॉक्टर. 1926 साली लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये दाखल झाली आणि 1928मध्ये बर्नार्ड शॉच्या 'मेजर बार्बरा'मधून रंगभूमीवर आली. तिशीच्या आत लंडनच्या नाटकांत तिचं नाव झालं. 1936 साली 'प्राइड अँड प्रेज्युडिस'च्या नाट्यरूपात ती एलिझाबेथ बेनेट झाली होती. त्याआधी, 1935मध्ये, प्रवासवर्णनं लिहिणाऱ्या पीटर फ्लेमिंगशी तिचं लग्न झालं. जेम्स बाँड लिहिणाऱ्या इयान फ्लेमिंगचा हा थोरला भाऊ. ऑक्सफर्डशरमधल्या नेटलबेड गावी त्यांचं घर होतं.

मग महायुद्ध आलं. 1940च्या सप्टेंबरात लंडनच्या क्वीन्स थिएटरवर बाँब पडला. तिथे तेव्हा 'रेबेका'चे प्रयोग चालू होते आणि त्यात सीलियाची मुख्य भूमिका होती. नाटक बंद पडलं. ती गावच्या घरी विधवा बहीण आणि नणंद-जावेच्या नात्यातली एक बाई अशा तिघींनी मिळून राहू लागली. तिघींची मिळून सात मुलं. नाटक म्हटलं की रोज संध्याकाळी थिएटरला हजर राहावं लागतं. सिनेमा किंवा रेडिओचं काम काही दिवसांत उरकून घरी परतता येतं. म्हणून तिने सिनेमा आणि रेडिओ निवडले. आज जग जिला ओळखतं ती चित्रपटांतली सीलिया जॉन्सन मुलांच्या वेळापत्रकातून जन्माला आली, हे मुद्दाम सांगायला हवं. घराने तिच्याकडून रंगभूमी काही काळ काढून घेतली असेल, पण 'ब्रीफ एन्काउंटर'पर्यंत तिला पोचवलंही त्याच घराने.

नोएल कॉवर्ड या नाटककाराने आणि तरुण दिग्दर्शक डेव्हिड लीनने तिला तीन चित्रपटांत घेतलं. तिन्हींत ती बायको आहे. ओळीने पाहिले तर त्यांतली वाढ दिसते.

पहिला, 'इन विच वी सर्व्ह', 1942चा. ती नौदलातल्या कॅप्टनची बायको. नाताळच्या जेवणावेळी तिला चार शब्द बोलायला सांगतात. नाविकाच्या बायकोला एक सवत असतेच, ती म्हणजे नवऱ्याचं जहाज, अशा आशयाचं ती बोलते आणि त्या सवतीच्याच नावाने पेला उंचावते. लिहिणाऱ्याने हा प्रसंग देशभक्तीसाठी लिहिला असणार. सीलिया तो हसतमुखानेच म्हणते, पण आवाजात किंचित अडखळ ठेवते. सवतीला मान देणाऱ्या बाईच्या घशात काय दाटतं, ते त्या अडखळीतून कळतं.

दुसरा, 'धिस हॅपी ब्रीड', 1944चा. लंडनमधल्या क्लॅपहॅम भागातलं एक साधं कुटुंब, दोन महायुद्धांच्या मधली वीस वर्षं. सीलिया घरातली आई, एथेल. थकलेली, जराशी कडक, कायम कामात. मुलगा आणि सून मोटार अपघातात गेल्याची बातमी येते. आईवडील मागच्या बागेत आहेत. मुलगी सांगायला बाहेर जाते आणि कॅमेरा मात्र रिकाम्या खोलीतच थांबतो. रेडिओवर आनंदी संगीत वाजतंय, टेबल मांडलेलं आहे, माणूस एकही नाही. बऱ्याच वेळाने नवराबायको आत येतात. हंबरडा नाही, छाती बडवून घेणं नाही. दोघं फक्त येतात आणि बसतात. सिनेमातलं रडणं आपल्याला नवं नाही, तरी हा प्रसंग मला विसरता येत नाही. दुःखाची बातमी आल्यावर घरातल्या वस्तू जिथल्या तिथे असतात आणि त्याचंच नवल वाटतं, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना ती रिकामी खोली काय बोलते ते कळेल.

आणि तिसरा 'ब्रीफ एन्काउंटर'. 1945च्या नोव्हेंबरात आला. त्याने तिला ऑस्करचं नामांकन मिळवून दिलं, न्यूयॉर्कच्या चित्रपट समीक्षकांचा पुरस्कार मिळवून दिला, आणि कायमची ओळख दिली.

गोष्ट अगदी छोटी. लॉरा जेसन ही मध्यमवर्गीय गृहिणी. नवरा फ्रेड, दोन मुलं. दर गुरुवारी ती गाडीने जवळच्या मिलफर्डला जाते. बाजारहाट करायचा, वाचनालयातलं पुस्तक बदलायचं, बाहेर जेवायचं, एखादा सिनेमा बघायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचं. आठवड्यातला तेवढाच दिवस तिचा स्वतःचा. एका गुरुवारी स्टेशनवर तिच्या डोळ्यात कचरा जातो. चहाच्या कॅन्टीनमध्ये बसलेला एक डॉक्टर तो काढून देतो. त्याचं नाव अ‍ॅलेक हार्वी, त्यालाही बायकामुलं आहेत. मग दुसरा गुरुवार, तिसरा गुरुवार. दोघं प्रेमात पडतात. काही आठवड्यांत त्यांना उमगतं की हे पुढे जाणार नाही. तो आफ्रिकेत नोकरी धरून निघून जातो आणि ती घरी परतते. संपलं.

यात धक्का नाही, खलनायक नाही. फ्रेड तर चांगलाच माणूस आहे. तो दुष्ट असता तर आपलं काम सोपं झालं असतं! संध्याकाळी तो शब्दकोडं सोडवतो, बायकोला एखादा शब्द विचारतो, मुलांशी प्रेमाने वागतो. लॉराला काय कमी होतं, असं कोणीही विचारेल. चित्रपट या प्रश्नाला तोंडाने उत्तर देत नाही. सीलियाचा चेहरा देतो.

चित्रपटाची रचना पाहण्यासारखी आहे. सुरुवातीलाच आपल्याला शेवटचा निरोप दिसतो, पण तो निरोप आहे हे आपल्याला ठाऊक नसतं. कॅन्टीनची मालकीण आणि तिकीट तपासनीस यांची थट्टामस्करी समोर चालू आहे आणि मागच्या टेबलापाशी एक बाई आणि एक पुरुष बसले आहेत. तेवढ्यात लॉराच्या ओळखीची डॉली मेसिटर नावाची बडबडी बाई येऊन मध्येच ठाण मांडते. पुरुषाची गाडी येते. निरोप घ्यायलाही एकांत नाही. तो उठतो, लॉराच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवतो आणि जातो. आपल्याला त्यात विशेष काही दिसत नाही. शेवटी तोच प्रसंग पुन्हा येतो. आता आपल्याला सगळं माहीत आहे आणि खांद्यावरचा तो हात बघवत नाही. या वेळी आपल्याला कळतं की पहिल्यांदा लॉरा मध्येच उठून बाहेर का गेली होती. धडधडत जाणाऱ्या एक्स्प्रेसखाली उडी घ्यायला ती निघाली होती आणि काठावर थांबली.

आपण दुसऱ्या बाईकडे कसं बघतो, ते मला या दोन वेळच्या बघण्यात दिसतं. पहिल्या खेपेला आपण सगळ्याजणी डॉली मेसिटर असतो. समोर एका बाईचं आयुष्य मोडत असतं आणि आपण खरेदीच्या पिशव्या सावरत बोलत असतो.

या दोन प्रसंगांच्या मधली सगळी गोष्ट लॉरा सांगते, पण कोणाला? समोर खुर्चीत बसलेल्या फ्रेडला, आणि तीही मनातल्या मनात. रेडिओवर रॅचमनिनॉफचं पियानोवादन लागलेलं आहे, हातात शिवणकाम आहे, आणि ती नवऱ्याला सगळं सांगते आहे, ज्यातला एक शब्दही तो ऐकत नाही. तुलाच सांगावंसं वाटतं आणि तुलाच सांगता येत नाही, असा तो पेच. सीलियाचं काम इथे दुहेरी आहे. आवाज एक गोष्ट सांगत असतो आणि चेहरा नवऱ्याच्या शब्दकोड्याला साजेसा ठेवायचा असतो. दोन्हींतला सांधा कुठे उसवू द्यायचा आणि कुठे नाही, यातच तिचं कसब आहे. तिचे ते मोठाले डोळे त्या वेळी कुठेच बघत नाहीत.

एकदा तर ती खरंच तोंडाने सांगते, हे पुष्कळजण विसरतात. सुरुवातीच्या एका गुरुवारी घरी आल्यावर ती फ्रेडला सरळ म्हणते की आज एका अनोळखी डॉक्टरबरोबर जेवले आणि सिनेमाला गेले. फ्रेड कोड्यातून डोकंही वर काढत नाही. वा, छान, अशा अर्थाचं काहीतरी बोलतो, त्याला जेवायला बोलावू या म्हणतो. लॉराला हसू फुटतं आणि त्या हसण्याचंच रडणं होतं. त्या दिवशी त्याने मान वर केली असती तर कदाचित सिनेमा तिथेच संपला असता. फ्रेडचा दोष केवढा, तर एवढाच. पण किती घरांतला आहे तो!

हा चित्रपट मी माझ्या दोन मैत्रिणींना दाखवला. एकजण म्हणाली, "परत आली ते बरं केलं बाई. मुलांचं काय झालं असतं?" दुसरी म्हणाली, "परत येऊन मिळालं काय तिला? उद्या परत बाजार, परत शिवण." दोघींचा चहा गार झाला, पण वाद मिटला नाही. मला वाटतं सीलियाने भूमिका अशी केली आहे की हा वाद मिटूच नये. कर्तव्य जिंकलं असं दाखवायचं असतं तर तिच्या चेहऱ्यावर शेवटी समाधान आलं असतं. प्रेम हरलं असं दाखवायचं असतं तर घराचा तिटकारा दिसला असता. ती यातलं काहीच दाखवत नाही. फ्रेड जवळ येतो, तू फार लांब गेली होतीस म्हणतो आणि परत आल्याबद्दल तिचे आभार मानतो. ती त्याच्या मिठीत रडते. त्याला काही कळलं होतं का? ते रडणं पश्चात्तापाचं, सुटकेचं की अ‍ॅलेकसाठीचं? मला तरी ते तिन्हींचं वाटतं. चित्रपटाची बाजू लॉराच्या घराची आहे, पण सीलिया त्या बाजूवर पूर्ण सही करत नाही.

चित्रपटात खटकणारं काही नाही असं नाही. कॅन्टीनची मालकीण आणि तिकीट तपासनीस यांचंही प्रेमप्रकरण चालू आहे, पण ते हसण्यावारी नेलेलं आहे. हलक्या कामातल्या माणसांचं प्रेम विनोदी आणि डॉक्टर-गृहिणीचं प्रेम तेवढं करुण, हा वर्गभेद आज डोळ्यांत भरतो. सीलियाचे ते कातीव, उच्चभ्रू उच्चार पुढच्या पिढीने थट्टेचा विषय केले तेही त्यामुळेच. आणि आणखी एक. लॉराच्या घरी कामाला माणसं आहेत. गुरुवार मोकळा मिळणं हीही चैनच. ज्या बाईला गुरुवारच नाही, तिची गोष्ट इथे नाही.

आता पडद्यामागची एक गोष्ट. 'ब्रीफ एन्काउंटर'मधल्या स्टेशनचं चित्रण 1945च्या सुरुवातीला, कडाक्याच्या थंडीत, इंग्लंडच्या उत्तरेकडच्या कार्नफोर्थ स्टेशनवर रात्री-रात्री चाललं होतं. युद्ध अजून संपलेलं नव्हतं. या काळात सीलियाचा नवरा कुठे होता? आपल्या दिल्लीत. शत्रूला चकवण्यासाठी खोट्या लष्करी बातम्या पेरणाऱ्या ब्रिटिश विभागाचा पीटर फ्लेमिंग प्रमुख होता. 1942पासून युद्ध संपेपर्यंत त्याचा मुक्काम दिल्लीत. आणि सीलिया त्याला पत्रं लिहीत होती, घरची, मुलांची, या चित्रपटाचीही. पुढे त्यांची मुलगी केट फ्लेमिंग हिने 1991मध्ये आईचं चरित्र लिहिलं, तेव्हा या पत्रांचा तिला फार उपयोग झाला.

म्हणजे बघा, दिवसा जी बाई हजारो मैलांवरच्या नवऱ्याला कागदावर सगळं सांगत होती, ती रात्री कॅमेऱ्यासमोर हाताच्या अंतरावरच्या नवऱ्याला काहीच सांगू न शकणारी बाई उभी करत होती. मी यातून तिच्या संसाराविषयी काही अनुमान काढणार नाही. पण नवऱ्याशी मनात बोलत राहणं म्हणजे काय, याची तालीम तिला वेगळी करावी लागली नसणार, एवढं नक्की.

युद्धानंतर 1946 आणि 1947मध्ये तिला दोन मुली झाल्या. सिनेमे कमी झाले. सुस्कारा टाकणाऱ्यांचं 'पण' इथून सुरू होतं. मात्र या काळातलाच 'द कॅप्टन्स पॅराडाइज' (1953) पाहा. अ‍ॅलेक गिनेसचा बोटीवरचा कप्तान एका बंदरात घरेलू बायको ठेवतो, दुसऱ्या बंदरात नाचणारी. घरेलू बायको अर्थातच सीलिया. एकदा भेटवस्तूंची अदलाबदल होते. नाचणारीला स्वयंपाकाचा एप्रन मिळतो आणि ती हरखते. घरवालीला पोहण्याचे तोकडे कपडे मिळतात आणि तीही हरखते! बाईचे घरची आणि बाहेरची असे दोन कप्पे करून ठेवणाऱ्या पुरुषाची ही फजिती. सगळ्या इंग्लंडने जिला 'सोशिक गृहिणी' म्हणून कप्प्यात टाकलं होतं, तिनेच त्या कप्प्याची अशी टर उडवावी याची मला मोठी गंमत वाटते.

पुढे 1969च्या 'द प्राइम ऑफ मिस जीन ब्रॉडी'मध्ये ती मॅगी स्मिथसमोर कडक मुख्याध्यापिका म्हणून उभी राहिली आणि त्या भूमिकेसाठी तिला सहायक अभिनेत्रीचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. पण तिचं उतारवयातलं खरं काम टेलिव्हिजनवर आहे. 1971मध्ये पीटर फ्लेमिंग वारला. दोन वर्षांनी बीबीसीवर 'मिसेस पाल्फ्री अ‍ॅट द क्लेअरमाँट' आलं. एक विधवा म्हातारी लंडनच्या एका हॉटेलात राहायला येते. तिथे तिच्यासारखेच एकटे वृद्ध. कोणाला भेटायला कोण येतं यावरून तिथली प्रतिष्ठा ठरते. हिचा नातू फिरकत नाही, म्हणून ती एका अनोळखी तरुण लेखकालाच नातू म्हणून पुढे करते. या भूमिकेलाही बाफ्टा मिळाला.

आणि 1980मध्ये 'स्टेइंग ऑन'. पॉल स्कॉटच्या, 1977चं बुकर मिळवणाऱ्या कादंबरीवरचा हा टेलिव्हिजनपट चित्रित झाला तो सिमल्यात. स्वातंत्र्यानंतरही भारतातच राहिलेलं एक म्हातारं इंग्रज जोडपं, टस्कर आणि लूसी. सीलियासमोर टस्करच्या भूमिकेत पुन्हा ट्रेव्हर हॉवर्ड, म्हणजे पस्तीस वर्षांपूर्वीचा अ‍ॅलेक! भोवती सईद जाफरी, पर्ल पदमसी अशी आपली माणसं.

पण लूसी ही लॉरा-अ‍ॅलेकच्या प्रेमाचा सुखान्त शेवट नाही. टस्कर चिडका, हेकट, पैशाचं कधी काही न सांगणारा. लूसीचा प्रश्न एकच आहे. तुम्ही गेल्यावर माझं काय? मी राहू कुठे, खाऊ काय? आपल्याकडे किती बायका हा प्रश्न नवऱ्याला विचारू शकतात? टस्करही तोंडाने उत्तर देत नाही. तो तिला पत्र लिहितो. घरातल्या घरात पत्र! त्यात पैशाचा हिशेब आहे आणि कुठेतरी मायेचे शब्दही आहेत. आयुष्यभरात तिला मिळालेलं तेच एक प्रेमपत्र.

लूसीसुद्धा मनातल्या मनात बोलते. भेटीला येणाऱ्या एका पाहुण्याला काय काय सांगायचं याच्या ती तालमी करते. टस्कर मेल्यावर ती त्याच्याशीच बोलत राहते. लॉरापाशी ऐकण्याजोगा माणूस खोलीत होता, लूसीपाशी तोही उरलेला नाही. सीलियाचा आवाज आता थरथरता झाला आहे, डोळे तेच आहेत. लॉरा परत आली ते बरं की वाईट, या माझ्या मैत्रिणींच्या वादाला खरं उत्तर मला या भूमिकेत दिसतं. बाई कोणाबरोबर राहिली याहून तिचं ऐकलं गेलं का, हा प्रश्न मोठा आहे. लॉराने अ‍ॅलेकबरोबर पळून जाऊन पस्तीस वर्षं काढली असती, तरी हा प्रश्न तिच्यापुढे उभा राहिलाच असता.

1981मध्ये सीलियाला 'डेम' हा किताब मिळाला. 1982च्या एप्रिलमध्ये ती राल्फ रिचर्डसनबरोबर एका नव्या नाटकात काम करत होती. सुट्टीच्या दिवशी घरी आली, मित्रमंडळींबरोबर पत्ते खेळताना तिला झटका आला आणि काही तासांत ती गेली. तारीख 26 एप्रिल. वय 73. काम चालू होतं आणि घरही चालू होतं.

म्हणून ते सुस्काऱ्याचं वाक्य मला मान्य नाही. तिने आणखी सिनेमे केले असते तर आपल्याला आणखी चांगलं काही मिळालं असतं का, हे कोणी सांगावं? पण जे केले त्यांत जेवणाच्या टेबलावरची अडखळ, रिकाम्या खोलीत येऊन बसणं, शिवणावरून न उचलेल्या नजरेतलं बोलणं, हे सगळं घरात राहून, घराकडे नीट बघून मिळालेलं आहे. घराने कलेला खाल्लं असं ज्यांना म्हणायचं असेल त्यांनी म्हणावं. पण 'ब्रीफ एन्काउंटर' आणि 'स्टेइंग ऑन' पाठोपाठ पाहून मग म्हणावं. आणि शक्य असेल तर नवऱ्याला शेजारी बसवून पाहावं, शब्दकोडं बाजूला ठेवायला लावून.